पेडलवरून पाय काढा

१

शिकवताना मास्तर फार बोलत नसत. समोर बसलेला चुकला की ते नुसता हात पुढे करत आणि ड्रमच्या वर स्टँडवर वाजत असलेल्या सिंबलची, त्या पितळी ताटलीची, कड अंगठा आणि दोन बोटांत धरत. सिंबल जागच्या जागी मुकी व्हायची. मग ते म्हणत, "पुरे." मग, "ऊठ." शिकणारा स्टुलावरून उठून भिंतीपाशी हात बांधून उभा राहायचा. मास्तर त्याच्या जागी बसून तीच ओळ वाजवून दाखवायचे आणि उठताना म्हणायचे, "कळलं? नसेलच." या सगळ्या वेळात शिकणाऱ्याने एक अक्षर बोलायचं नाही, असा दंडक होता.

तीस वर्षांत किती आले आणि किती गेले याची मास्तरांकडे मोजदाद नव्हती. बहुतेक जण महिन्या-दोन महिन्यांत गळायचे. याचं त्यांना वाईट वाटत नसे, उलट ते चारचौघांत मिरवत. "पाखडलं की कोंडा उडणारच," असं म्हणत. शेवटचा शिष्य, बँकेतला एक टक्कल पडलेला भला माणूस, गेल्या थंडीत गेला. जाताना बिचारा पाया पडून गेला, आणि मास्तर म्हणाले, "पाय कुठे असतो ते जाताना तरी कळलं."

उरली होती ती नाट्यगृहातली खुर्ची. रंगमंचाच्या खाली, वादकांच्या खड्ड्यात, बावीस वर्षं मास्तर ड्रम वाजवत होते. त्या खुर्चीवर संध्याकाळ जायची म्हणून दिवस निघायचा. तीही हलायला लागली होती. नाट्यगृहाची डागडुजी झाली, नव्या संगीत दिग्दर्शक बाई आल्या, आणि बाईंनी सांगितलं की खऱ्या ड्रमचा आवाज नटांच्या माइकमध्ये शिरतो, यापुढे इलेक्ट्रॉनिक ड्रम. सगळ्या वादकांनी मध्यंतराचं चार मिनिटांचं संगीत एका दमात वाजवून, रेकॉर्ड करून शनिवारपर्यंत पाठवायचं. ज्याचं जमेल तो राहील.

"माझी परीक्षा," मास्तर घरी येऊन बायकोला म्हणाले. "ती माझी परीक्षा घेणार. हसावं की रडावं?"

बायको शेजारच्या खोलीत शिलाईचं काम करायची. तोंडात टाचण्या होत्या, त्या काढून तिने हातावर ठेवल्या. "काहीही करा," ती म्हणाली, "पण पास व्हा. दिवसभर घरात बसलात तर मला वेड लागेल."

ती गमतीने बोलली. मास्तरांनी मात्र ते गमतीत घेतलं नाही.

२

वाद्यांच्या दुकानातला विक्रेता मास्तरांच्याच वयाचा होता, चष्मा सारखा पुसायची सवय असलेला. त्याने एकेक सिंबल दाखवायला सुरुवात केली. क्रॅश, म्हणजे जोरात हाणायची सिंबल, एकाच जागी वाजणारी हवी की दोन; राइड, म्हणजे ठेका धरायची, तिच्या मधल्या टेंगळाला वेगळा आवाज हवा की नको. मास्तर स्टिकच्या टोकाने रबराला टोचून बघत होते, गल्लीतल्या मेलेल्या उंदराला टोचावं तसे.

"ही सिंबल आहे की कचऱ्याच्या डब्याचं झाकण?"

"कड धरली की आवाज बंद होतो बघा. अगदी खऱ्यासारखा."

"खऱ्यासारखा," मास्तर म्हणाले. "बनावट दातही खऱ्यासारखेच असतात."

क्रॅश आणि राइड त्यांनी डोळे मिटून घेतल्या, कारण सगळ्या सारख्याच भिकार होत्या. घोडं अडलं हाय-हॅटवर. हाय-हॅट म्हणजे एकावर एक दोन ताटल्या, डाव्या पायाच्या पेडलने उघडायच्या नि मिटायच्या. बाकी काहीही वाजवा, वादकाची लायकी त्या डाव्या पायात दिसते, असं मास्तरांचं मत होतं आणि ते बरोबर होतं. पहिली दाखवली ती नुसती रबराची एक वडी आणि खाली सुटं पेडल. दुसरीच्या दोन ताटल्या खऱ्या स्टँडवर बसत, पण पाय दाबल्यावर आवाज किंचित मागून यायचा. तिसरीचंही तेच. तो किंचितपणा बाकी कुणाला कळला नसता. मास्तरांना दगडासारखा लागत होता.

मग कोपऱ्यात एक मांडलेली दिसली. मास्तर बसले, पाय ठेवला, दाबला. आवाज आला तो पायाच्या बरोबर. खरं तर, त्यांना वाटलं, केसभर आधी. पाय अजून खाली पोचायचा होता आणि ताटल्या मिटल्या होत्या.

"ही द्या," ते म्हणाले.

विक्रेत्याने चष्मा काढला. "ती डिस्प्लेची आहे. तीन वेळा परत आलीय."

"खराब आहे?"

"तपासली. काही नाही सापडलं. परत आणणाऱ्यांनीही बिघाड सांगितला नाही. फॉर्मवर कारण लिहावं लागतं ना. तिघांनीही एकच लिहिलं." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मला वाजवता येत नाही, असं."

मास्तर मनापासून हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "जगात तीन तरी प्रामाणिक माणसं आहेत म्हणायची."

"त्यातले एक वीस वर्षं वाजवणारे होते," विक्रेता म्हणाला.

"वीस वर्षं बेडूकही ओरडतो," मास्तर म्हणाले. "बांधा."

३

सकाळी त्यांनी शिकवणीच्या आतल्या खोलीत सगळं जोडलं. स्टँड, वायरी, आणि सगळ्या वायरी जिथे जातात तो छोटा पडदा असलेला डबा. हेडफोन लावले की वाजवणाऱ्याला ड्रम ऐकू येणार, बाहेरच्याला फक्त रबराची टकटक. खोली रस्त्याच्या बाजूला होती. खिडकीतून उन्हाचा पट्टा स्टुलाच्या रेक्झिनवर पडला होता. स्टूल जुनं, मास्तरांच्या सोबतीचं. बसलं की गादीतली हवा फुस्स करून निघायची.

हाय-हॅट पहिल्यांदा लावताना तिला पायाची ओळख करून द्यावी लागते. पाय उचलायचा, डबा उघड्या ताटल्यांची नोंद घेतो. मग दाबायचा, मिटलेल्यांची. सोबत आलेल्या पुस्तकात वाचून मास्तरांनी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली, *पेडलवरून पाय काढा.*

मास्तरांनी पाय काढला. अक्षरं तशीच.

त्यांनी पाय आणखी मागे घेतला, थेट स्टुलाच्या पायापाशी. *पेडलवरून पाय काढा.*

त्यांनी वाकून पाहिलं. पेडल वर होतं, निदान तसं दिसत होतं. खालची फरशी गार होती. अक्षरांशेजारी दाब दाखवणारी एक छोटी पट्टी असते, ती निम्म्याच्या वर भरलेली होती आणि हलकेच कमी-जास्त होत होती. कुणी टाच टेकून चवडा नुसता ठेवला की होते तशी. वाट बघणाऱ्या वादकाचा पाय असाच असतो.

"यंत्र आणि अक्कल," मास्तर म्हणाले, आणि बटण दाबून ती पायरीच ओलांडून पुढे गेले.

४

दुपारी त्यांनी मध्यंतराचं संगीत धरलं. बावीस वर्षांचं अंगवळणी पडलेलं. झोपेतही वाजवलं असतं, आणि खरं सांगायचं तर गेली काही वर्षं ते झोपेतच वाजवत होते. आठव्या ओळीच्या शेवटी क्रॅश येते. मास्तरांनी ती हाणली. हेडफोनमध्ये ती फुलली आणि अर्ध्यात तुटली.

तुटली म्हणजे विरली नव्हे. कड धरल्यावर तुटते तशी.

मास्तरांचे दोन्ही हात स्टिकवर होते. क्रॅश त्यांच्यापासून हातभर लांब स्टँडवर नुसती डुलत होती. "वायर," ते म्हणाले. वायर बदलली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आठव्या ओळीला क्रॅश तुटली. पुन्हा. तुटली. चौथ्या वेळी ती पाचव्या ओळीतच तुटली, जिथे मास्तरांचा डावा पाय जरासा मागे पडला होता. तो पडला होता हे त्यांना नंतर आठवलं.

त्यांनी हात खाली घेतले. हेडफोन कानावरच होते. आणि त्या शांततेत हाय-हॅट वाजली. एकच ओळ, पाचवी. स्वच्छ, कोरडी, जिथल्या तिथे. मग काही नाही.

मास्तरांनी हेडफोन काढून खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. मग त्यांच्यातला जाणता माणूस पुढे आला. या रबराच्या संसारात एका पॅडची थरथर स्टँडमधून दुसऱ्यात शिरते आणि न वाजवलेलं वाजतं, हे त्यांना ठाऊक होतं. रस्त्यावरून जड गाडी गेली असेल. शेजारी शिलाई मशीन चालू आहे. त्यांनी स्टँडखाली फडकी घातली, डबा हलक्या थरथरीला दाद देणार नाही इतका त्यातला आकडा वाढवला, आणि स्वतःला समजावलं. समजावणं पटलं. फक्त एक गोष्ट त्यांना गिळता येईना. थरथर म्हणावी तर थरथर इतकं चांगलं वाजवते कशी?

५

गुरुवारी त्यांनी दुकानात फोन केला.

"ते पेडल बिघडलंय. बदलून द्या."

"पेडल सुटं नाही देता येत," विक्रेता म्हणाला. "अख्खी घेऊन या. मी परत घेतो, माझी ना नाही. फक्त फॉर्मवर कारण..." तो थांबला. बहुधा चष्मा पुसत असावा. "तेच लिहू का?"

मास्तरांनी फोन ठेवला. त्या टपरीवजा दुकानातल्या टिनपाट माणसासमोर, त्या चार शब्दांखाली सही करायची. त्यापेक्षा मेलेलं बरं. ते नाट्यगृहाच्या रस्त्याने उगाच दोन तास भटकून आले. इमारतीबाहेर नव्या पाट्या लावत होते. आत जावं असं त्यांना फार वाटलं, पण गेले नाहीत.

घरी आले तेव्हा बायको कुणाच्या तरी पडद्याला दुमड घालत होती. पाय मशीनच्या पायट्यावर, नजर सुईवर.

"आज छान वाजवलंत," ती म्हणाली.

"कधी?"

"आत्ता, दुपारी. मला मेलीला काय कळतंय, भिंतीतून नुसती टकटक ऐकू येते. पण माझाही पाय दिवसभर चालतो ना. तुमचा कसा, मध्येच ओढतो. आज नाही ओढला. माझी शिवण सरळ आली त्या तालावर." ती हसली. "मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं करता करता अंगण सरळ झालं वाटतं."

"माझा पाय ओढतो?"

"बावीस वर्षं मी नाट्यगृहात येतेय हो," बायको म्हणाली. "तुम्हाला कोण सांगणार?"

दुपारी आपण घरात नव्हतो हे मास्तरांनी तिला सांगितलं नाही. का नाही, हे त्यांना धड कळलं नाही. पहिली लाज वाटली ती पायाची. भीती नंतर आली.

ते आतल्या खोलीत गेले. ऊन तिरपं येत होतं. क्रॅशच्या काळ्या रबरावर दोन दिवसांची बारीक धूळ बसली होती, आणि कडेला तीन जागी ती पुसली गेली होती. वर एक ठसा, खाली दोन. अंगठा आणि दोन बोटं. मास्तरांनी स्वतःची बोटं त्यावर धरून पाहिली. बसेनात. ठसे त्यांच्या बोटांहून लांब आणि निमुळते होते. हा कुणाचा हात, ते आठवायला लागले. कुणाकुणाच्या हातांखाली त्यांनी सिंबल मुकी केली होती? लांब बोटांचं कुणी होतं का? त्यांनी फार आठवलं. हात आठवेना, चेहरा आठवेना, एकाचंही नाव आठवेना.

६

शुक्रवार तुटत तुटत गेला. सहावी ओळ, तिसरी ओळ, एकदा तर दुसरीच. दर वेळी क्रॅश नाही तर राइड, अर्ध्यात मुकी. दर वेळी मागून ती एक ओळ, बरोबर वाजवलेली. त्यात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना तो ओळखीचा वाटला असता आणि बरंही वाटलं असतं. होता तो कंटाळा. मंद मुलाला पाढा सांगताना माणसाचा होतो तसा.

मास्तर चिडले, स्टिक फेकल्या, परत उचलल्या. आणि कुठेतरी दुपार कलताना, स्वतःच्याही नकळत, ते ती ओळ लक्ष देऊन ऐकायला लागले.

शनिवारी सकाळी त्यांनी रेकॉर्डचं बटण दाबलं आणि सुरुवात केली. पाचवी ओळ गेली. आठवीची क्रॅश फुलली आणि फुलत राहिली. कुणी धरली नाही. मास्तरांच्या कपाळाला घाम सुटला. सोळावी गेली, मधला संथ भाग गेला, शेवटची दौड आली, शेवटची क्रॅश विरत विरत पार शांत झाली. चार मिनिटं, एका दमात.

मास्तर उठले. हेडफोन स्टुलावर टाकून शेजारच्या खोलीत गेले. बायकोचं मशीन धाडधाड चालू होतं.

"झालं," ते मोठ्याने म्हणाले. "आता त्या बाईला कळेल ड्रम कशाला म्हणतात. आणि त्या दुकानवाल्याला. रबर असो की पत्रा, हात लागतो हात."

बायकोने मशीन थांबवलं. तिने भिंतीकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं, पायांपासून डोक्यापर्यंत, जणू ते पुरते इथे आहेत ना याची खात्री करत होती. मग ती पुन्हा मशीनवर वाकली आणि पहिल्याहून जोरात पायटा मारायला लागली.

"ऐकलंस का मी काय म्हणालो?"

"ऐकलं," ती म्हणाली. "बसा जरा इथे. आत नका जाऊ लगेच."

मास्तर बसले, चहा प्यायले, आणखी थोडी फुशारकी मारली. मग आत जाऊन रेकॉर्ड बंद केलं आणि जसंच्या तसं बाईंना पाठवलं. ऐकून बघितलं नाही. स्वतःचं वाजवणं परत ऐकणं हे शिकाऊ लोकांचं काम, असं ते सगळ्या शिकाऊ लोकांना सांगत आले होते.

७

सोमवारी दुपारी बाईंचा फोन आला. बोलणं नम्र होतं. त्यावरूनच मास्तरांना आधी कळायला हवं होतं.

"मास्तर, तुमचं रेकॉर्डिंग ऐकलं. तुमचा अनुभव मोठा आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण मला स्पष्ट बोलायला हवं. तुमचे विद्यार्थी आहेत का ते? तुमच्यानंतर ज्यांनी वाजवलंय?"

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आधी तुमचं चार मिनिटं आहे. मग थोडी शांतता. मग तेच संगीत पुन्हा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी असं वाजवणं फार वर्षांत ऐकलं नाही, मास्तर. त्या हाय-हॅटसाठी मी ते सहा वेळा ऐकलं. तुम्ही मोठ्या मनाने दोन्ही पाठवलंत. त्यांना पाठवाल का उद्यापासून?"

"निरोप देतो," मास्तर म्हणाले.

आतल्या खोलीत जाऊन ते स्टुलावर बसले, हेडफोन लावले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला ऐकलं. पाचव्या ओळीत पाय ओढला होता. आठवीत ओढला होता. मधला संथ भाग संथ नव्हता, नुसता सुस्त होता. शेवटच्या दौडीत हात एकीकडे आणि पाय एकीकडे. शिष्याने असं वाजवलं असतं तर त्यांनी त्याला दुसऱ्या ओळीलाच उठवलं असतं. त्या दिवशी कुणी कड धरली नाही ती चांगलं वाजलं म्हणून नव्हे, हे आता त्यांना कळलं. काही काही शिष्यांच्या बाबतीत शेवटी शेवटी मास्तरही धरत नसत. वाजव बाबा काय वाजवायचं ते, म्हणत आणि खिडकीबाहेर बघत.

मग शांतता. मग हाय-हॅटच्या ताटल्या मिटल्याचा तो बारीक आवाज, केसभर आधी. मग ते संगीत. मास्तर शेवटपर्यंत ऐकत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. त्यांना आयुष्यभर असंच वाजवायचं होतं. आपण असंच वाजवतो, अशी त्यांची समजूत होती.

रेकॉर्डिंग संपलं. समोर पडद्यावर अक्षरं आली होती. बटण कुणी दाबलं नव्हतं. *पेडलवरून पाय काढा.*

मास्तरांनी खाली पाहिलं. या वेळी पेडलवर त्यांचाच पाय होता.

त्यांनी तो काढला. मग ते स्टुलावरून उठले, हेडफोन काढून हळूच खुंटीला लावले आणि भिंतीपाशी जाऊन हात बांधून उभे राहिले. पाठीला भिंत गार लागली. तीस वर्षांत इथे किती जण उभे राहिले असतील, आणि इथून ड्रम कसे दिसतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. फार मोठे दिसतात.

"पुन्हा एकदा दाखवाल का?" ते म्हणाले.

उन्हाच्या पट्ट्यात स्टुलाची गादी फुस्स करून खाली बसली. पेडल सावकाश दबलं. खुंटीवरच्या हेडफोनमधून, मुंगीएवढे, चार ठोके आले.

शेजारच्या खोलीतलं मशीन थांबलं.

"अहो," बायकोने भिंतीपलीकडून हाक मारली. "तुम्हीच वाजवताय ना?"

मास्तरांनी उत्तर दिलं नाही. समोर वाजवून दाखवत असताना शिकणाऱ्याने बोलायचं नसतं.